सिसलॉगने नेटवर्कवर लक्ष ठेवताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी दहाला दारव्ह्याकडच्या एका शाखेतून फोन आला. "भाऊ, शनिवारी बारा वाजतापासून काऊंटर अटकून होतं. लाईन तीनदा गेली न् आली, अन् त्यानंतर सर्व्हर उचलेच ना जी."

मी यवतमाळात बसून एका पतसंस्थेच्या पाच शाखा, एक जिनिंग आणि दोन कॉलेजांच्या लॅबचं नेटवर्क सांभाळतो. सगळ्या राउटरच्या आणि स्विचच्या नोंदी सिसलॉगने, म्हणजे यंत्र घडलेल्या गोष्टींची एकेक ओळ दुसऱ्या संगणकाला पाठवतं त्या पद्धतीने, यवतमाळच्या एका लिनक्स सर्व्हरवर येतात. अशा फोनसाठीच तर ही सोय केली होती. शनिवारची तारीख टाकून शोधलं, तर बारा वाजून सात मिनिटांनंतर त्या राउटरची एकही ओळ नाही. राउटर गेला असं धरून नवा राउटर गाडीत ठेवला. निघता निघता तारखेची अट काढून नुसतं राउटरच्या नावाने शोधलं, आणि शनिवार दुपारच्या सगळ्या ओळी त्याच वर्षाच्या १ जानेवारीच्या खात्यात सापडल्या. रात्री बारा वाजून बावीस सेकंद, पोर्ट तीन (तार खोचायची जागा) बंद. एकतीस सेकंद, पोर्ट तीन चालू. पुन्हा बंद. अशा साठेक ओळी. राउटर ठणठणीत होता, काऊंटरच्या स्विचचा अडॅप्टर गेला होता. त्या राउटरचं घड्याळ मी बसवताना हाताने लावून दिलं होतं. चूक माझी होती, आणि आपल्याकडे ती घरोघरी होते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: घड्याळ

स्वस्त राउटरमध्ये आणि स्विचमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बहुधा नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि पुष्कळ यंत्रं १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात. त्यात सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या पद्धतींच्या दस्तऐवजात जी लिहून ठेवली ती, वेळेच्या शिक्क्यात वर्षच नाही. महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद, बस. टाइम झोनही नाही. मग नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर आपल्या मनाने चालू वर्ष जोडतं आणि १९७० ची ओळ यंदाच्या जानेवारीत जाऊन पडते. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हे वर्षात एखाद्या वेळी घडेल. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वादळापासून आठवड्यातून दोनदा घडतं, तेही नेमकं ज्या वेळी काहीतरी बिघडलेलं असतं त्याच वेळी.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही करावेत. प्रत्येक यंत्रात एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवून घ्यायची सोय, चालू करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, समय-१ आणि समय-२ हे सर्व्हर त्यासाठीच आहेत. पण लाईन आल्यावर इंटरनेट यायला पाच-दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात राउटर चुकीच्या वेळेने बोलत राहतो. म्हणून शाखेतलाच एखादा संगणक क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर टाकून घरचं घड्याळ करा आणि राउटरला त्याचा पत्ता द्या. अट एवढीच की त्या संगणकाच्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी जिवंत हवी. सुरू करताना दर वेळी एफ-वन दाबावं लागत असेल तर ती संपलेली असण्याचीच शक्यता जास्त. घड्याळवाल्याकडे मिळते, बदलून टाका.

तिसरा उपाय सर्व्हरवरचा. आरसिसलॉग म्हणजे लिनक्सवर सिसलॉगच्या ओळी घेऊन फाइलमध्ये लिहिणारं सॉफ्टवेअर. ओळ कशी लिहायची ते ठरवणाऱ्या त्याच्या साच्यात दोन वेळा लिहा: यंत्राने सांगितलेली आणि सर्व्हरला ओळ मिळाली ती. शोधताना दुसरी वापरायची. हे केलं असतं तर त्या सोमवारी माझा तास वाचला असता. ज्या यंत्रात सोय असेल तिथे २००९ ची नवी पद्धत, आरएफसी ५४२४, निवडा. तिच्यात वर्ष आणि टाइम झोन दोन्ही येतात. टाइम झोन न लावलेलं यंत्र साडेपाच तास मागे दिसतं. दुपारी साडेतीनची घटना सकाळी दहाला दिसू लागली की कारण हेच समजायचं.

ओळ येत नाही म्हणजे सगळं बरं आहे, असं समजणं

सिसलॉग मुळात यूडीपीवर, ५१४ नंबरच्या पोर्टवर चालतो. हा पोर्ट म्हणजे तारेची जागा नव्हे, संगणकातल्या सेवेचा नंबर. यूडीपी म्हणजे पोच न घेता टाकलेलं पत्र. पोहोचलं का, हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. रस्ता रुंद करताना जेसीबीने फायबर तोडलं तर त्या काळातल्या ओळी कायमच्या गेल्या. राउटर स्वतःजवळ थोड्या ठेवतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये मूळ सेटिंगने एक हजार. पण त्याही मेमरीत असतात, लाईन गेली की साफ.

म्हणून महत्त्वाच्या शाखेत एक छोटा संगणक मधला थांबा म्हणून ठेवावा. राउटर त्याला यूडीपीने देतो आणि तो पुढे यवतमाळला पोच घेणाऱ्या टीसीपीने पाठवतो. तार तुटली तर तो साठवून ठेवतो. इथे एक खाच आहे: आरसिसलॉगच्या रांगेला फाइलचं नाव दिलं नाही तर रांग फक्त मेमरीत राहते. म्हणजे तार तुटली आणि पाठोपाठ लाईनही गेली, की सगळं गेलं. आपल्याकडे या दोन गोष्टी बहुतेक जोडीनेच येतात. फाइलचं नाव द्या, आणि 'पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा' तिथे वजा एक लिहा, म्हणजे तो प्रयत्न सोडत नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. प्रत्येक यंत्राला दर पंधरा मिनिटांनी 'मी आहे' अशी एक ओळ पाठवायला लावा. लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम करणारा क्रॉन आणि ओळ पाठवणारा लॉगर, मायक्रोटिकमध्ये शेड्युलर. सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: अर्धा तास ज्याची ओळ नाही त्याचं नाव कळव. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत हीच सूचना सगळ्यात मोलाची. चुका ओरडून सांगणारं यंत्र तसंही सापडतं, गप्प झालेलं सापडत नाही.

हे लावलं आणि पहिल्याच संध्याकाळी सहाला पाचही शाखा गप्प झाल्याच्या सूचना आल्या. घाबरून फोन केला तर शिपाई म्हणाले, "साहेब, मेन बंद करूनच कुलूप लावतो ना जी, रोजच." बरोबरच होतं त्यांचं. उन्हाळ्यात शॉर्टसर्किटची भीती असते, गावात सगळेच तसं करतात. तेव्हा दोनच मार्ग: सूचना फक्त कामाच्या वेळेपुरती ठेवायची, किंवा नेटवर्कच्या पेटीला वेगळा एमसीबी काढून घ्यायचा. मी दोन मोठ्या शाखांत वेगळा एमसीबी घेतला, कारण रात्री कुणी पासवर्ड आजमावत असेल तर ते मला रात्रीच दिसायला हवं. बाकी तीन ठिकाणी वेळ घातली.

यूपीएसला बोलायला न लावणं

'लाईन गेली होती की यंत्र बिघडलं होतं?' विदर्भातल्या खेड्यात कुठल्याही नेटवर्कचा हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर देणारी वस्तू टेबलाखाली धूळ खात असते. यूएसबीची तार असलेला यूपीएस असेल तर एपीसीयूपीएसडी (एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी) किंवा एनयूटी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. वीज गेली, बॅटरीवर आलो, वीज परत आली, हे सगळं ते सिसलॉगमध्ये लिहितं. त्या ओळी राउटरच्या ओळींशेजारी ठेवून पाहा. वीज जाण्याआधी पोर्ट बंद झाला असेल तर दोष तारेचा किंवा यंत्राचा. वीज गेल्याच्या सेकंदालाच झाला असेल तर स्विच यूपीएसवर जोडलेलाच नाही. एका लॅबमध्ये असंच निघालं: संगणक यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या सॉकेटमध्ये.

हार्ड डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा स्मार्टडी हाही सिसलॉगमध्येच लिहितो. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर पंचेचाळीसच्या वर जातात, तेव्हा टिनाच्या छताखालच्या खोलीत डिस्कचं तापमान काय असेल ते या ओळींतून कळतं. मार्चमध्येच लावून ठेवा.

डिस्क भरणं आणि फाइल पुसूनही जागा न सुटणं

आधी हिशोब करा. सेकंदाला वीस ओळी आणि ओळ सरासरी दोनशे बाइटची धरली तर दिवसाला साधारण ३४६ एमबी, १८० दिवसांचे ६२ जीबी. एकशे ऐंशी हा आकडा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतला आहे. सेवा पुरवठादार, कंपन्या, सरकारी संस्था अशांनी नोंदी १८० दिवस, भारतातच जपायच्या, घड्याळं एनआयसीच्या किंवा एनपीएल या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आणि ठरलेल्या प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, असं त्यात आहे. मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवला की जागा पुष्कळ कमी लागते. नोंदींना वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) द्या, नाहीतर त्या भरल्या की त्याच सर्व्हरवरचा डेटाबेसही थांबतो.

जागा भरली म्हणून जुनी फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच दिसते? आरसिसलॉगने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. फाइल यादीत नाही, पण जागा तिच्याच ताब्यात. जुन्या फाइली बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटच्या शेवटी आरसिसलॉगला 'फाइल नव्याने उघड' असा निरोप जातो. हाताने पुसली तर तो जात नाही, आणि कधी कुणीतरी तो कॉन्फिगमधूनच काढलेला असतो. सेवा पुन्हा सुरू करा, जागा सुटते. मग लॉगरोटेट दुरुस्त करा.

सगळंच मागवणं

सिसलॉगच्या पायऱ्या आठ: शून्य म्हणजे सगळं कोसळलं, सात म्हणजे डीबग, बारीकसारीक तपासणीच्या ओळी. काही लोक उत्साहाने सगळ्या यंत्रांवर सात लावतात. त्यात छोट्या राउटरचा जीव जातो आणि कामाची ओळ बुडते. साधारण सहापर्यंत साठवा, पण मोबाइलवर सूचना तीन आणि त्याहून लहान आकड्याच्याच जाऊ द्या. वरून दोन-तीन गोष्टी नावाने जोडा, जसं पासवर्ड वारंवार चुकणं आणि कॉन्फिग बदलणं, कारण कॉन्फिग बदलल्याची ओळ पुष्कळ यंत्रं पाच नंबरने पाठवतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दिवसाला शंभर सूचना आल्या की चौथ्या दिवशी सगळे तो म्यूट करतात, आणि पाचव्या दिवशी खरी येते.

फायरवॉलमध्ये 'या नियमाची नोंद घे' ही खूण सिसलॉगला वाट देणाऱ्या नियमावर कधीच ठेवू नका. एक ओळ गेली की तिची नोंद, त्या नोंदीची नोंद, असं ते थांबतच नाही. जिनिंगमध्ये ऐन कापसाच्या हंगामात वजनकाट्याचा संगणक यामुळे मंदावला होता.

५१४ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. यूडीपीवर कुणीही कुणाच्याही नावाने ओळ टाकू शकतो, आणि जाताना ती कुणीही वाचू शकतो. शाखा ते मुख्यालय व्हीपीएन (इंटरनेटमधूनच बंद खाजगी वाट) घ्या, नाहीतर टीएलएस (मजकूर कुलूपबंद करून पाठवणं). त्याचा पोर्ट ६५१४. आणखी एक, विंडोज स्वतःहून सिसलॉग पाठवत नाही. त्यावर एनएक्सलॉगसारखं काहीतरी टाकावं लागतं. काऊंटरचे संगणक यादीत दिसत नाहीत म्हणून नेटवर्कला दोष देऊ नका.

ओळ येतच नसेल तर, या क्रमाने

सर्व्हरवर टीसीपीडम्प हे येणारी पाकिटं, म्हणजे डेटाचे गठ्ठे, दाखवणारं साधन लावून ५१४ वर कान द्या आणि राउटरवर काहीतरी घडवा, एखादी तार काढून लावली तरी पुरे. पाकीट दिसलं नाही तर दोष रस्त्यात किंवा राउटरमध्ये लिहिलेल्या पत्त्यात. दिसलं, पण फाइलमध्ये ओळ नाही, तर दोष सर्व्हरचाच. टीसीपीडम्प सर्व्हरच्या फायरवॉलच्या आधी बघतो, त्यामुळे पाकीट दिसूनही फायरवॉलने अडवलेलं असू शकतं. मग आरसिसलॉग आहे का ते पाहा. डेबियन या लिनक्समध्ये १२ व्या आवृत्तीपासून तो आपोआप येत नाही. असला, तरी उबुंटूत यूडीपी ऐकण्याच्या ओळी समोर # लावून बंद असतात, त्या उघडा.

पाकिटाच्या सुरुवातीला कोनी कंसात आकडा असतो, तो वाचायला शिका. समजा १८९. आठने भागा: भागाकार तेवीस, बाकी पाच. तेवीस म्हणजे लोकल-सेव्हन हा विभाग, पाच म्हणजे आठ पायऱ्यांतली नोटीस. तुमचा नियम लोकल-झीरोच्या ओळी उचलायला लिहिलेला असेल तर ही ओळ भलत्याच फाइलमध्ये जाणार. सिस्को स्विच पुष्कळदा असाच १८९ पाठवतात, आणि माणूस दुपारभर फायरवॉल तपासत बसतो.

सगळ्या शाखा एकाच पत्त्याने दिसत असतील तर मध्ये नॅट, म्हणजे अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे झाकणारी सोय, आहे. प्रत्येक राउटरला गावाचं नाव द्या, दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, नेर, आणि सर्व्हरवर पत्त्याऐवजी ओळीतल्या त्या नावाने फाइली वेगळ्या करा. हे झालं की शाखेत फोन लावून सांगा, "भाऊ, एकदा मेन पाडा, दहा मिनिटांनी उचला." आणि समोर बसून बघा: यूपीएसची ओळ आधी आली का, राउटर बरोबर वेळेने परत बोलला का, आणि मधल्या दहा मिनिटांतलं काही हरवलं का.