भूकंपाचा डेटा चादरीसारखा घडी घाला

किल्लारीच्या रात्री, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून नुकताच डोळा लागला होता. सोलापुरात आम्ही अंथरुणातूनच रस्त्यावर आलो. आज तसल्याच हादऱ्यांच्या नोंदींनी माझी हार्डडिस्क भरते; त्या दाबून लहान करायची ही माझी रीत. सेकंदाला १०० नमुने, तीन चॅनल (तीन दिशांची हालचाल), नमुन्यामागे चार बाइट: एका केंद्राचे दिवसाला जवळपास १०४ एमबी.

आधी नोंदीची सरासरी आणि कल (रेषेचा संथ चढ किंवा उतार) काढून टाका. मग पायथॉनमध्ये पायवेव्हलेट्स या लायब्ररीचं 'वेवडेक' (wavedec) चालवा; ते वेव्हलेट नावाच्या छोट्या लहरींनी नोंद जलद-संथ कंपनांच्या थरांत, म्हणजे पातळ्यांत, वाटतं. वेव्हलेटचा प्रकार 'डीबी४' (db4), पातळ्या सहा. पहिल्या पातळीत साधारण २५ ते ५० हर्ट्झ, दुसरीत १२.५ ते २५, पुढे निम्मं-निम्मं. जेकार्ड चादरीत मोठी नक्षी वेगळी, बारीक धागा वेगळा, तसंच.

खरी मेख उंबरठ्यात, म्हणजे किती लहान आकडे फेकायचे त्या मर्यादेत. सगळ्या पातळ्यांना एकच आकडा लावू नका, गोंगाट प्रत्येकीत वेगळा असतो. प्रत्येक पातळीच्या गुणांकांचा (रूपांतरातून आलेल्या आकड्यांचा) उणे चिन्ह सोडून मध्यक काढा, ०.६७४५ ने भागा, तो गोंगाटाचा अंदाज. त्याच्या तिपटीखालचे गुणांक शून्य करा. मी एकदा हावरटपणे दहापट धरलं, फाइल चिमुकली झाली, पण पी-लहरीची (भूकंपाची सर्वात आधी पोचणारी लहर) पहिली उडीच पुसली गेली! दोन दिवस वाया.

उरलेले गुणांक पूर्णांकात बसवून झेडलिब (zlib) या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीने दाबा; शून्यांच्या रांगा झटक्यात मिटतात. शेवटी उलटं रूपांतर करून मूळ नोंदीतून वजा करा. उरलेल्या रेषेत भूकंपाचा आकार दिसला, तर उंबरठा खाली आणा. आणि मूळ फाइल? ती स्टाइम (Steim) या भूकंपनोंदींसाठीच्या पद्धतीसारख्या विनाहानी, म्हणजे काहीही न गमावणाऱ्या, पद्धतीत दाबून वेगळ्या डिस्कवर ठेवा, पुसू नका.