छोट्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना मोफत वायफाय कसं द्यायचं

माझं आठ खोल्यांचं रिसॉर्ट गुहागरजवळ, नारळी-पोफळीच्या आगरात आहे. आजूबाजूला कुणी नव्या खोल्या बांधल्या की हमखास विचारणा होते, "ताई, वायफायचे पैसे लावायचे का?" लावू नका. बादलीभर गरम पाण्याचे आपण वेगळे पैसे घेत नाही, तसेच याचेही घ्यायचे नाहीत. हिशोबच करून बघा. महिन्याला दीड हजारांचा प्लॅन धरला, तर आठ खोल्यांत खोलीमागे दिवसाला सव्वासहा रुपये पडतात. ते भाड्यात धरा आणि विषय संपवा.

"लोक इथे शांततेसाठी येतात, नेट कशाला?" असंही म्हणतात. ते पाहुण्यांनी ठरवायचं, आपण नाही. घरी आजारी वडील असलेला माणूस, फोन लागेल याची खात्री असेल तरच दोन दिवस बाहेर पडतो. गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाच्या मुलीचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा, ऑप्शन फॉर्म त्याच संध्याकाळी भरायचा होता. पडवीतल्या झोपाळ्यावर लॅपटॉप, शेजारी बाबा कॉलेजांची यादी वाचतायत, आई कोड तपासतेय. फॉर्म कन्फर्म झाला आणि तिघंही जेवायला आली. नेट नसतं तर त्यांनी दुपारीच गाडी काढली असती.

शिवाय आपला स्वतःचा व्यवहार त्यावर चालतो. रेंज नसली की यूपीआय होत नाही आणि बिल द्यायला माणूस फोन वर धरून फाटकापर्यंत चालत जातो. हे बघवत नाही.

आता कामाचं. फायबरच, म्हणजे काचेच्या तारेतून येणारी नेटची जोडणीच घ्या. आठ खोल्यांना १०० एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप) पुरतात, कारण एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात आणि सगळे एकदम बघत नाहीत. घरगुती प्लॅन घेऊन पाहुण्यांना नेट देणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, तेव्हा व्यावसायिक जोडणीच मागा. ठरावीक जीबीनंतर वेग किती उतरतो, तेही आधी विचारा. मे महिन्यात आणि दिवाळीत तिथेच गाडी अडते.

खरी गोम वायरिंगमध्ये आहे. ऑफिसात एक राउटर ठेवून आठ खोल्या भागत नाहीत. चिऱ्याची जाड भिंत सिग्नल खाते आणि पत्र्याच्या छपरातून तो पलीकडे जवळजवळ जातच नाही. दोन खोल्यांमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा छोटा डबा, लावा, तोही व्हरांड्याच्या छताला, कपाटामागे नाही. तिथपर्यंत कॅट-सिक्स ही नेटची तांब्याची केबल पाइपात घालून जमिनीतून न्या. माडांवरून ओढलेली केबल पहिल्या झावळीबरोबर खाली येते. कॅट-सिक्सची मर्यादा १०० मीटर आहे. खोल्या त्याहून लांब असतील तर आतली लाइनही फायबरची टाका. वीज कोसळते तेव्हा तांब्याच्या केबलीतून झटका थेट यंत्रात शिरतो, फायबरमधून येत नाही. आमच्याकडे मेअखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात हा फरक फार मोलाचा ठरतो.

फोनवर वायफायचे दोन पट्टे (बँड) दिसतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतो. २.४ हळू, पण लांब पोचतो. दोन्ही चालू ठेवा. २.४ वर शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटना १, ६ आणि ११ असे वेगवेगळे चॅनल द्या, नाहीतर ते एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

लाइट जाणार हे धरूनच चला. फायबरचा डबा, नेटच्या केबली वाटणारा स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एक जरी सुटला तरी नेट गेलंच. जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला छोटा राउटर ठेवा. जिथे मोबाइलची रेंज अर्धवट आहे, तिथे पाहुण्यांना फोनमधलं वायफाय कॉलिंग, म्हणजे रेंजऐवजी वायफायवरून साधा कॉल लागण्याची सोय, चालू करायला सांगा. २०२० पासून ही सोय एअरटेल आणि जिओवर, ज्या फोनांत ती चालते त्यांना मिळते, तरी कितीतरी जणांना ती माहीत नसते. माझ्याकडचा मुलगा चेक-इनच्या वेळीच लावून देतो.

सुरक्षेत हयगय नको. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं, तुमचं बिलिंग आणि कॅमेरे वेगळे. गेस्ट नेटवर्कमध्ये एका फोनला दुसरा फोन दिसू नये अशी सेटिंग असते, ती चालू करा. एका फोनला १० ते १५ एमबीपीएसची मर्यादा घाला, म्हणजे एकाच्या डाउनलोडमुळे सगळी खोळंबत नाहीत. पासवर्डशिवाय उघडं नेट कधीही ठेवू नका. जोडणी तुमच्या नावावर आहे, कुणी गैरवापर केला तर चौकशी पहिली तुमच्याकडे येते. पाहुण्यांची ओळखपत्रं आपण नोंदवतोच, त्यात हयगय नको. पासवर्ड अधूनमधून बदला, खोलीत क्यूआर कोड लावा आणि त्याखाली तोच पासवर्ड मोठ्या अक्षरांत छापा. आजी-आजोबांना कोड स्कॅन करण्यापेक्षा वाचून टाइप करणं सोपं जातं.

सगळं लागल्यावर मोजून बघा. खोल्या भरलेल्या असताना, रात्री नऊच्या सुमारास, दार बंद करून पलंगावर बसा. सिग्नल मोजणारी मोफत अ‍ॅप्स आहेत. आकडा उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६० कडे, हवा. उणे ८० आला तर त्या खोलीला आणखी एक पॉइंट द्या. मग बुकिंगच्या पानावर खरं ते लिहा: कुठल्या खोलीत व्हिडिओ कॉल चालतो, कुठे फक्त व्हॉट्सअ‍ॅप. समुद्राकडच्या खोपीत नेट पोचत नसेल तर तेही लिहा. काही पाहुणे तीच मागून घेतात.

खाऱ्या हवेने जोड गंजतात. गणपतीनंतर एकदा आणि मेच्या गर्दीआधी एकदा बाहेरचे सगळे डबे उघडून बघा, हिरवट पडलेले कनेक्टर बदलून घ्या.