थ्री-इन-वन वेल्डिंग मशीन घ्यायच्या आधी

मिग (वायरचं वेल्डिंग), टिग (टंगस्टनच्या सुईचं) आणि आर्क (रॉडचं) सगळं एकाच मशीनमध्ये म्हटल्यावर मोह होतोच, मलाही झाला, पण आधी बघा टिग नुसतं डीसी आहे की एसी पण आहे, कारण डीसीवर स्टेनलेस मस्त होतं पण अ‍ॅल्युमिनियम नीट जमत नाही आणि घरची शिडी जोडायला म्हणून घेणारे इथेच फसतात. गॅसचंही तेच, टिगला प्युअर आर्गॉन, लोखंडाच्या मिगला सीओटू किंवा आर्गॉन-सीओटू मिक्स, म्हणजे बहुतेक दोन सिलिंडर आलेच. मिगला गॅसलेस फ्लक्स कोअर वायर (पोटात वेल्ड झाकणारी पावडर भरलेली) लावली तर तो सिलिंडर वाचतो, फक्त टॉर्च (मिगची गन) मशीनच्या निगेटिव्हला जोडायची, मी विसरलो आणि नुसते शिंतोडे उडाले.

आपल्या गोव्यात तर पावसाळा आणि खारी हवा, जूनमध्ये मशीनमध्येच ठेवलेली मिगची वायर गणेश चतुर्थीला बघितली तर लालभडक गंजलेली, काढून डब्यात बंद करून ठेवा बाबांनो. आणि मशीनमधलं एक कार्ड (सर्किट बोर्ड) उडालं की तिन्ही कामं बंद! नुसतं गेट-ग्रिलच करायचं असेल तर साधं आर्कचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्या, उघड्यावर वारा असला तरी चालतो, रॉड तेवढे सुके ठेवा.