ग्राउंडवॉटर हीट पंप परवडतो का? आधी कागदावर हिशोब मांडा

म्युनिकमध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींचा हल्ली एकच प्रश्न, गॅसचा बॉयलर काढून ग्राउंडवॉटर हीट पंप (जमिनीखालच्या पाण्यातली उष्णता विजेवर खेचून घर गरम करणारं यंत्र) लावू का. इथे जमिनीखाली खडीचा थर, पाणी वर लागतं आणि वर्षभर साधारण 10 ते 12 डिग्रीला असतं, त्यामुळे डोळे झाकून लावावा असं वाटतं. थांबा जरा.

पहिलं म्हणजे गॅसशी तुलना करू नका, तिथे बहुतेक हीट पंप भारीच दिसतात. तुलना करा हवेवरच्या, म्हणजे बाहेरच्या हवेतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपशी. समजा हवेवरचा 1 युनिट विजेत 3.5 युनिट उष्णता देतो आणि पाण्यावरचा, बोअरच्या मोटारीची वीज धरून, 4.5. छोट्या, नीट इन्सुलेशन केलेल्या घराला वर्षाला 8,000 युनिट उष्णता लागत असेल तर वीज वाचते जेमतेम 500 युनिट, 27 सेंटच्या दराने 137 युरो. आणि दोन बोअरचे (एक उपशाचा, एक पाणी परत सोडायचा) 12,000 युरो जास्तीचे धरले तर वसूल व्हायला 87 वर्षं, म्हणजे नातवंडांची सोय! तेच आठ फ्लॅटच्या बिल्डिंगला 80,000 युनिट लागत असतील तर वर्षाला 1,370 युरो वाचतात, बोअर मोठे करून 15,000 लागले तरी 11 वर्षांत फिटतात. खर्च बोअरचा असतो, तो जितक्या घरांत वाटला जाईल तितकं बरं, म्हणून शेजाऱ्यांना आधी विचारा.

मग पाणी तपासा. लॅब रिपोर्टमध्ये लोह 0.2 आणि मँगनीज 0.1 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं. काचेच्या बरणीत उपसलेलं स्वच्छ पाणी सकाळपर्यंत पिवळट होऊन तळाला तांबूस गाळ बसला तर समजा, तोच गाळ परतीचा बोअर बुजवणार. 10 किलोवॅटच्या पंपाला तासाला साधारण 2,300 लिटर पाणी लागतं, आणि परतीचा बोअर जमिनीखालच्या पाण्याच्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला घ्या, नाहीतर आपलंच गार केलेलं पाणी पुन्हा वर येतं.

उन्हाळ्यात मात्र मजा आहे. कॉम्प्रेसर बंद, तेच पाणी हीट एक्स्चेंजरमधून फिरवायचं, त्याने फरशीखालच्या नळ्यांतलं पाणी थंड होतं आणि फरशी गार, खर्च फक्त मोटारींचा. फक्त फार गार करू नका, फरशीला घाम फुटतो.

सरकारी सबसिडीत पाण्यावरच्या पंपाला 30 टक्क्यांवर जो 5 टक्के बोनस मिळतो तो प्रोपेनवाल्या (आत प्रोपेन वायू फिरवणाऱ्या) हवेच्या पंपालाही मिळतो, तेव्हा त्याला भुलू नका. जमिनीखालचं पाणी वापरायची परवानगी आधी काढा, आणि काम सुरू करायच्या आधी सबसिडीचा अर्ज टाका, नंतर टाकलेला चालत नाही.