मात शोधणाऱ्या प्रोग्रॅमांची तुलना: प्रोजेक्टला हात घालण्याआधी

सोलापुरातल्या कॉलेजांमधून बीसीएस, एमएस्सी करणारी मुलं अधूनमधून विचारतात, "ताई, बुद्धिबळातली मात सोडवणाऱ्या प्रोग्रॅमांची तुलना, असा विषय घेतलाय. जमेल का?" जमेल. विषय सोन्यासारखा आहे, खर्च शून्य आणि साधा लॅपटॉप पुरतो. एमएस्सीला मीही हाच घेतला होता. आज पुण्यात टेस्टिंगची नोकरी करते, तीही याच कामाच्या जोरावर मिळाली. तरी त्या वर्षी झालेली दमछाक अजून विसरलेली नाही, म्हणून हे लिहितेय.

स्टॉकफिश, पॉपाय, चेस्ट, गुस्ताव या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमांची नावं तुम्ही ऐकली असतील. एफईएन (पटाची मांडणी एका ओळीत लिहायची पद्धत) लिहिता येत असेल, यूसीआय या ठरलेल्या आज्ञांच्या भाषेत इंजिनाला, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, आज्ञा देता येत असेल. त्यात वेळ घालवत नाही.

तुम्ही वेगाची तुलना करायचं ठरवलं असेल. थांबा. आधी बघा, सगळ्या प्रोग्रॅमांना तुम्ही प्रश्न तरी एकच विचारताय का? बहुतेक प्रोजेक्ट इथेच बुडतात, आणि माझाही इथेच रुतला होता.

पट मांडा. पांढरा राजा एफ६ वर, पांढरा हत्ती ए१ वर, काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात. बाकी पट रिकामा. पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात. राजा एफ७ ला नेला की काळ्याला एच७ शिवाय जागा नाही, मग हत्ती एच१ वर येतो आणि मात. सुटलं? एका अर्थाने सुटलं. पण राजा जी६ ला नेऊन बघा. आता काळ्याला जी८ वर यावंच लागतं, आणि हत्ती ए८ वर गेला की पुन्हा मात. म्हणजे उत्तरं दोन.

खेळणाऱ्याला एक मात पुरते. कोडं रचणाऱ्याला मात्र पहिल्या चालीचं दुसरं उत्तर निघालं की कोडं बाद करावं लागतं. स्टॉकफिश खेळण्यासाठी बनलंय. त्याला 'गो मेट २' म्हटलं की दोन चालींतली एक मात हाती लागताच ते थांबतं. पॉपाय कोड्यांसाठी बनलंय. ते पांढऱ्याची प्रत्येक पहिली चाल आणि त्यावरचा काळ्याचा प्रत्येक बचाव तपासतं आणि सगळी उत्तरं छापतं. आता या दोघांचे सेकंद एका तक्त्यात शेजारी लिहून 'स्टॉकफिश वेगवान' असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका मागावर रुमाल आणि दुसऱ्यावर चादर लावून कुठला माग चपळ हे ठरवणं. स्टॉकफिशला सगळ्या पहिल्या चाली दाखवायला लावायच्या असतील तर मल्टीपीव्ही (एकाच वेळी किती पर्याय दाखवायचे ती सेटिंग) वाढवा आणि मग घड्याळ बघा. चित्र बदलतं.

हे अजून एक पायरी खाली जातं, आणि ही पायरी कुणी सांगत नाही. इंजिनाने 'मात ४' दाखवलं की चार चालींत मात आहे एवढं कळतं. तीन चालींत नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. कारण इंजिन वेळ वाचवायला चालींच्या झाडाच्या फांद्या छाटतं, म्हणजे काही चाली पूर्ण शोधतच नाही. त्यातली एक युक्ती अशी: समोरच्याला फुकटची एक चाल देऊन बघायची, आणि तरीही आपली बाजू भक्कम असेल तर ती फांदी खोलात न शोधता सोडून द्यायची. खऱ्या डावात ही युक्ती झकास चालते. कोड्यांमध्ये मात्र पुष्कळदा सगळी गंमत झुगझ्वांगची असते. पांढरा एक शांत चाल खेळतो, कसलीच धमकी देत नाही, आणि काळ्याला खेळावं लागतं म्हणूनच तो मरतो. अशा जागी 'चाल सोडून दिली तर' हा हिशेबच लंगडा पडतो. शिवाय शांत चाली यादीत खाली असतात, आणि खालच्या चाली इंजिन उथळ शोधतं. त्यामुळे जगातलं सर्वांत बलाढ्य इंजिन तीन चालींचं कोडं तुम्हाला आधी चार किंवा पाच चालींचं म्हणून दाखवू शकतं. 'गो मेट ३' म्हटल्याने ही छाटणी बंद होत नाही, थांबायचं कधी तेवढं बदलतं.

म्हणून तक्त्यात वेळेच्या रकान्याआधी एक रकाना हवाच: प्रश्न काय होता. मात आहे का, सर्वांत छोटी आहे का, की पहिल्या चाली सगळ्या सापडल्या का. तिघांची किंमत फार वेगळी असते. दर वेळी सरासरी ३५ चाली धरल्या तर तीन चालींची मात म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चाली, साधारण सव्वापाच कोटी शक्यता. चार चालींची मात म्हणजे सात, आणि आकडा सहा हजार चारशे कोटींच्या पुढे जातो. 'यापेक्षा छोटी मात नाही' असं छातीठोक सांगायला हे सगळं कुठल्या ना कुठल्या रीतीने निकालात काढावं लागतं.

घाबरू नका. एवढं कळलं की निम्मा प्रोजेक्ट झाला.

व्हिक्टर अलिस यांची प्रूफ-नंबर सर्च ही पद्धत वेळ काढून वाचा. १९९४ च्या त्यांच्या प्रबंधात ती नीट मांडलेली आहे. जिथे समोरच्याकडे उत्तरं कमी, तिथे ती आधी घुसते. शहामागून शह देत लांबवर जाणारी मात ती पटापट उकलते, शांत पहिल्या चालीपाशी दमते, आणि मूळ रूपात सगळं झाड रॅममध्ये धरते. शोगी या जपानी बुद्धिबळातलं, १५२५ चालींत मात करायचं कोडं १९९७ मध्ये याच कुळातल्या पद्धतीने सुटलं. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचं सर्वांत वाचनीय प्रकरण हेच होईल: कुठल्या जातीच्या कोड्यावर कुठली पद्धत कोलमडते.

आता सोलापूरचं. मे महिन्यात दुपारी पारा पुष्कळदा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. पूर्व भागातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करायचा, आणि तीच पोझिशन, तोच प्रोग्रॅम, दुपारचा वेळ पहाटेपेक्षा ठळकपणे जास्त यायचा. मोजमाप पहाटे करा. एक प्रोग्रॅम सकाळी आणि दुसरा दुपारी, असं तर मुळीच नको. थ्रेड (समांतर चालणारं काम) एकच ठेवा, कारण अनेक थ्रेडवर स्टॉकफिश दर वेळी वेगळ्या वाटेने जातं. प्रत्येक पोझिशनआधी हॅश (आधीच्या शोधाची साठवण) रिकामा करा, नाहीतर दुसऱ्या फेरीत प्रोग्रॅम आधीच्या आठवणीवर पळतो. नोड (तपासलेल्या पोझिशन) किती शोधले हेही टिपा, पण एका प्रोग्रॅमचे नोड दुसऱ्याच्या नोडशी ताडू नका. मोजण्याची पद्धत प्रत्येकाची आपापली आहे.

शॉर्टकटबद्दल स्पष्ट सांगते. व्हिडिओत दाखवलेले तयार आलेख उचलू नका. सेटिंग न सांगता दिलेला आकडा कचऱ्यात जमा. आणि गाईड फक्त "ग्राफ किती झाले?" एवढंच विचारत असतील तर त्यांचा मान ठेवा, पण शिकायला दुसरीकडे जा. हाताने कोडी सोडवणारा एखादा जुना खेळाडू गाठा. मला जे काका भेटले त्यांना कोडिंगचं अक्षर कळत नव्हतं. मी दिलेली पोझिशन पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "यात कॅसलिंग चालतं की नाही?"

त्या प्रश्नाने माझी सगळी फाइल पुन्हा तपासावी लागली. कोड्यांचा संकेत असा आहे की राजा आणि हत्ती मूळ घरांत असतील तर कॅसलिंग (दोघांना एकाच चालीत हलवणं) चालतं असं धरायचं, ते हलले होते हे सिद्ध करता आलं तरच नाही. आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं) याचं उलटं: आधीची चाल प्याद्याची दोन घरांचीच होती हे सिद्ध झालं तरच चालतं. एफईएनमध्ये कॅसलिंगच्या जागी सवयीने आडवी रेघ मारली की प्रोग्रॅम इमानदारीत वेगळंच कोडं सोडवतो, आणि तुम्ही प्रोग्रॅमला दोष देत बसता.

प्रस्तावनेत डीप ब्लू (कास्पारोव्हला हरवणारा संगणक) सगळेच टाकतात. तुम्ही डीट्रिख प्रिन्झ टाका. १९५१ मध्ये मँचेस्टरला फेरांटी मार्क १ यंत्रावर त्यांनी दोन चालींची मात शोधणारा प्रोग्रॅम चालवला होता. कॅसलिंग, आँ पासाँ, प्याद्याची बढती यातलं काहीच त्यात नव्हतं. तुमच्या विषयाचा मूळपुरुष तोच.

सुरुवात दोन-तीन चालींच्या, उत्तर पक्कं माहीत असलेल्या कोड्यांपासून करा. त्यात दोन उत्तरांची काही मुद्दाम मिसळा. प्रोग्रॅम ती पकडतो का ते आधी पाहा, वेळ नंतर मोजा. मला दाखवायला आणाल तेव्हा आलेख राहू द्या, पोझिशनची फाइल आणि प्रत्येक प्रोग्रॅमची सेटिंग आणा. सुट्टीला मी सोलापुरातच असते.