टाइमशेअर घेण्यापूर्वी वार्षिक देखभाल शुल्काचा हिशेब कसा करावा

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणची खोली दरवर्षी ठरावीक काळ वापरण्याचा विकत घेतलेला हक्क. तो विकताना बहुतेक वेळा एकच युक्तिवाद पुढे केला जातो. हॉटेलांचे दर दरवर्षी वाढत जाणार आहेत, तेव्हा पुढच्या वीस वर्षांच्या सुट्ट्या आजच्याच भावात घेऊन ठेवा. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही, पण तो अर्धा आहे. आजच्या भावात बांधली जाते ती फक्त खरेदीची रक्कम. दरवर्षी भरायचे देखभाल शुल्क बांधलेले नसते. ते वाढते, त्याची वाढ इतर कोणीतरी ठरवते, आणि सुट्टीला गेलो नाही तरी ते भरावेच लागते. म्हणून खरेदीच्या किमतीवर घासाघीस करण्याआधी या शुल्काची चौकशी करावी आणि निर्णयाचे मुख्य वजन तिथेच ठेवावे, असे माझे मत आहे. ती चौकशी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे.

पहिली पायरी: शुल्क कशासाठी आकारले जाते ते समजून घ्यावे

नेहमीच्या पद्धतीत एका खोलीचे वर्ष ५२ आठवड्यांत विभागले जाते. त्यांपैकी एक-दोन आठवडे दुरुस्तीसाठी राखून ठेवतात आणि उरलेले वेगवेगळ्या मालकांना विकतात. इमारतीचा सगळा खर्च या मालकांमध्ये वाटला जातो. त्यात साफसफाई, कर्मचाऱ्यांचे पगार, वीज, पाणी, विमा, मालमत्ता कर, फर्निचरची बदली आणि व्यवस्थापन कंपनीचा मोबदला येतो. इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा राखीव निधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायटीत ज्याला सिंकिंग फंड म्हणतात तो, याच शुल्कातून जमा होतो. थकबाकीदारांची वसूल न झालेली रक्कमही बऱ्याच ठिकाणी उरलेल्या मालकांच्या माथी येते. ही बाब विक्रीच्या बैठकीत कोणी आपणहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आठवड्यांच्या पद्धतीत शुल्क बहुधा खोलीच्या आकारावर ठरते, हंगामावर नाही. एकाच आकाराच्या खोलीसाठी ऐन सुट्टीतल्या आठवड्याचा मालक आणि ओस पडलेल्या हंगामातल्या आठवड्याचा मालक सारखेच शुल्क भरतात, कारण छप्पर गळायचे ते दोघांसाठी सारखेच गळते. परिणामी स्वस्तात मिळणारा बिनहंगामी आठवडा पुष्कळदा सर्वांत महाग पडतो. खरेदीत वाचलेली रक्कम एकदाच वाचते. शुल्क मात्र दरवर्षी पूर्ण भरावे लागते. पॉइंटच्या पद्धतीत ठरलेल्या आठवड्याऐवजी दरवर्षी काही पॉइंट मिळतात आणि ते खर्चून मुक्काम घेता येतो; तिथे शुल्क पॉइंटांच्या संख्येवर असते. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एका आठवड्यासाठी किती पॉइंट लागतील, याचा तक्ता बदलण्याचा अधिकार कंपनीकडे आहे काय? तो असेल, तर शुल्क न वाढताही सुट्टी महागू शकते.

दुसरी पायरी: कागद मागावेत

तोंडी आश्वासनावर विसंबू नये. चार कागद मागावेत: गेल्या पाच ते दहा वर्षांचे प्रत्यक्ष आकारलेले शुल्क, चालू वर्षाचे अंदाजपत्रक, राखीव निधीची स्थिती आणि विशेष आकारणीचा इतिहास. राखीव निधी अपुरा असताना छप्पर, लिफ्ट किंवा जलवाहिन्या बदलण्याची वेळ आली, किंवा वादळाने विम्याच्या पलीकडचे नुकसान केले, की मालकांकडून एकरकमी जादा पैसे मागितले जातात. त्यालाच विशेष आकारणी म्हणतात. जुन्या इमारतीचे शुल्क आसपासच्या तशाच इमारतींपेक्षा फार कमी दिसले, तर त्यात आनंद मानण्याआधी राखीव निधीत पैसे भरले जात आहेत की नाही ते पाहावे. पुढे ढकललेली दुरुस्ती कधीतरी अंगावर येतेच.

नव्या प्रकल्पात आणखी एक धोका असतो. आठवड्यांची विक्री चालू असेपर्यंत खर्चातली तूट विकासक स्वतःच्या खिशातून भरून काढू शकतो, कारण कमी शुल्क दाखवले की विक्री सोपी जाते. विक्री संपून कारभार मालक संघाकडे गेला की हा आधार जातो आणि शुल्क एकदम उडी घेते. त्यामुळे सध्याच्या शुल्कात विकासकाचा काही वाटा आहे काय आणि तो केव्हा संपणार, हे लेखी विचारावे. शुल्कवाढीला करारात कमाल मर्यादा आहे काय, वाढ कोण मंजूर करते आणि मालकांच्या मताला त्यात काही किंमत आहे की बहुसंख्य मते कंपनीच्याच हातात आहेत, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: वीस वर्षांचा हिशेब मांडावा

हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून चलन बाजूला ठेवून नुसते आकडे घेऊ. खरेदीची किंमत १,५०० आणि पहिल्या वर्षाचे शुल्क १०० आहे, आणि दरवर्षी सात रात्रींचा एक आठवडा मिळतो, असे धरा. हे आकडे केवळ मांडणीसाठी आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

पहिल्या वर्षी शुल्क रात्रीमागे सुमारे १४ पडते आणि विक्रेता हाच आकडा दाखवतो. आता शुल्क दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर विसाव्या वर्षी ते सुमारे २५३ होते आणि वीस वर्षांत एकूण ३,३०७ भरले जातात, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक. वाढ ३ टक्के असेल तर एकूण शुल्क २,६८७ होते. ती ८ टक्के असेल तर एकूण आकडा ४,५७६ वर जातो आणि विसाव्या वर्षाचे शुल्क पहिल्याच्या चौपटीहून जास्त होते. वाढीच्या दरातला दोन-तीन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीमुळे संपूर्ण व्यवहाराचा निकाल त्यावर फिरू शकतो. म्हणूनच मागील वर्षांचे आकडे हाती असल्याशिवाय हा हिशेब करण्यात अर्थ नाही.

५ टक्के वाढ धरून खरेदी आणि शुल्क मिळून ४,८०७ खर्च होतो. तो १४० रात्रींवर वाटला, तर रात्रीमागे ३४ येतात. पण आजारपण, नोकरी, मुलांच्या परीक्षा किंवा घरातली कार्ये यांमुळे दर चार वर्षांतून एक आठवडा वाया गेला, तर रात्री १०५ उरतात आणि रात्रीमागे खर्च ४६ होतो. आपण दरवर्षी सुट्टीवर जाऊच, हे गृहीतक माणूस फार सहज धरतो. मागची दहा वर्षे आठवून पाहावीत आणि खरोखर किती वेळा सलग आठवडाभर बाहेर जाता आले, तो आकडा इथे वापरावा.

चौथी पायरी: त्याच जागेच्या भाड्याशी तुलना करावी

वरचा आकडा महाग की स्वस्त, हे तुलनेशिवाय कळत नाही. तुलना आलिशान हॉटेलाच्या छापील दराशी करू नये, जी विक्रीच्या बैठकीत नेहमी केली जाते. त्याच संकुलातली तशीच खोली, त्याच आठवड्यात, भाड्याने केवढ्याला मिळते ते शोधावे. अनेक मालक स्वतःला जमत नसलेला आठवडा भाड्याने देतात, त्यामुळे हा आकडा बहुधा सापडतो.

आपल्या उदाहरणात हे भाडे आज आठवड्याला २०० आहे आणि ते दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढते, असे धरू. भाडेही वाढते, हे मान्य केलेच पाहिजे. नाहीतर हिशेब टाइमशेअरवर अन्याय करणारा होईल. वीस वर्षांचे भाडे ५,९५६ होते, म्हणजे ४,८०७ पेक्षा बरेच जास्त, आणि वरवर पाहता खरेदी फायद्याची दिसते. परंतु मालकाने १,५०० पहिल्याच दिवशी दिलेले असतात, तर भाडेकऱ्याकडे ती रक्कम राहून तिच्यावर व्याज मिळत असते. ६ टक्के व्याज धरून दोन्ही बाजूंचे सगळे खर्च आजच्या मूल्यात आणले, म्हणजे पुढे द्यायच्या प्रत्येक रकमेसाठी आज किती बाजूला ठेवावे लागेल ते काढले, तर मालकाचा खर्च सुमारे ३,३३० आणि भाडेकऱ्याचा सुमारे ३,३६० येतो. म्हणजे वीस वर्षांत एकही आठवडा न चुकवता दोघे जेमतेम बरोबरीत येतात. चारांतला एक आठवडा चुकला, तर भाडेकऱ्याचा खर्च सुमारे २,५२० वर उतरतो, कारण तो गेला नाही त्या वर्षी काहीच भरत नाही. मालकाचा खर्च जिथल्या तिथे राहतो. शुल्क ८ टक्क्यांनी वाढले, तर मालकाचा आकडा ३,९०० च्या पुढे जातो. खरेदीसाठी कर्ज काढणार असाल, तर ६ टक्क्यांच्या जागी कर्जाचा व्याजदर घालावा. हे गणित संगणकावरच्या साध्या तक्त्यात अर्ध्या तासात होते.

इतके गणित करायचे नसेल, तर त्याच ठिकाणचे जुने आठवडे पुनर्विक्रीत कितीला जातात ते पाहावे. पुनर्विक्रीचा भाव मूळ किमतीच्या लहानशा अंशावर येतो, आणि पुष्कळ ठिकाणी मालक आठवडा फुकट द्यायला तयार असतात. कोणी फुकट देऊ करतो, याचा अर्थ असा की त्या आठवड्याच्या वापराचे मोल आणि पुढच्या शुल्काचे ओझे बाजाराच्या मते एकमेकांना कापून जाते. मग तोच आठवडा कंपनीकडून पूर्ण किमतीला घेण्याचे कारण काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. पुनर्विक्रीतल्या खरेदीदाराला काही कंपन्या सगळ्या सवलती देत नाहीत, हे खरे. पण त्या सवलतींसाठी किमतीतला एवढा फरक मोजायचा काय, हेही पाहावे लागेल.

अदलाबदलीच्या सोयीचा खर्च वेगळा धरावा. आरसीआय, जी १९७४ मध्ये सुरू झाली, किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल यांसारख्या संस्थांमार्फत आपला आठवडा देऊन दुसरीकडचा घेता येतो, पण त्यासाठी सभासद वर्गणी आणि प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क देखभाल शुल्काखेरीज द्यावे लागते. आपला आठवडा बिनहंगामी असेल, तर त्याच्या बदल्यात हंगामातला मिळेल अशी आशा करू नये.

पाचवी पायरी: बाहेर पडण्याची वाट आधी शोधावी

शुल्काचे ओझे किती वर्षे वाहायचे, हे करारातल्या मुदतीवर ठरते. काही करार ठरावीक वर्षांच्या वापराचे असतात, तर काहींना मुदतच नसते आणि शुल्क भरण्याची जबाबदारी वारसांपर्यंत जाण्याचा प्रश्न उभा राहतो. स्पेनमध्ये १९९८ च्या कायद्याने अशा करारांना ५० वर्षांची कमाल मर्यादा घातली आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत करार रद्दबातल ठरवला. पण असे संरक्षण सगळीकडे मिळत नाही. कंपनी आठवडा परत घेते काय, त्यासाठी किती आकारते, सर्व थकबाकी आधी भरावी लागते काय, आणि शुल्क थकल्यास दंड किती व पुढची कारवाई कोणती, या चारही प्रश्नांची उत्तरे करारातल्या कलमांत सापडली पाहिजेत. विक्रेत्याच्या बोलण्यात ती सापडली म्हणून समाधान मानू नये. करारातून सोडवून देतो किंवा आठवडा विकून देतो असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ग्राहकांना याबाबत उघड इशारा दिलेला आहे.

सहावी पायरी: सही झालीच, तर माघारीची मुदत वापरावी

सवलत फक्त आजच मिळेल, असे सांगितले जाते तेव्हा वरच्या पायऱ्यांसाठी वेळच ठेवलेला नसतो, आणि त्या दिवशी सही न करणे हेच उत्तम. तरीही सही झाली असेल, तर अनेक देशांत करार विनाकारण रद्द करण्याची मुदत असते. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ती १४ दिवसांची आहे आणि त्या काळात ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती १० दिवसांची आहे. आपल्या करारावर कोणता कायदा लागू आहे आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, हे सहीच्याच दिवशी पाहावे. या दिवसांत कागद मागवून हिशेब पुरा करावा. रद्द करायचे ठरले, तर करारात सांगितलेल्या पत्त्यावर आणि सांगितलेल्या पद्धतीने लेखी कळवावे, आणि पाठवल्याची तारीख दाखवणारी पावती जपून ठेवावी. विक्रेत्याला फोनवर सांगणे पुरेसे नसते. त्याने थांबायची विनंती केली किंवा शुल्कात पहिल्या वर्षी सूट देऊ केली, तरी मुदत पुढे सरकत नाही. ती सूट हिशेबात घालून एकूण आकडा किती बदलतो ते पाहावे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे पूर्ण शुल्क माफ झाले, तरी ३,३०७ मधले फक्त १०० कमी होतात.