सँडब्लास्टिंगच्या पेटीतील धूळ
वखराच्या पासेवरील गंज काढताना घरगुती सँडब्लास्टिंगच्या (दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करण्याच्या) पेटीत काही क्षणांतच दिसेनासे होत असेल, तर दोष बहुधा दिव्याचा नसून हवेच्या वाटेचा असतो. एका बाजूला व्हॅक्यूमची नळी जोडून समोरच्या बाजूला हवा आत येण्यासाठी भोक ठेवावे, कारण बाहेरची स्वच्छ हवा आत शिरली तरच धूळ वाहून जाते. नळीच्या तोंडापुढे पत्र्याचा आडोसा लावल्यास जड, पुन्हा वापरण्याजोगे कण बरेचसे पेटीतच राहतात. काचेला आतून बदलता येणारी पारदर्शक फिल्म चिकटवावी. वैनगंगेची वाळू मात्र, फुकट मिळाली तरी, वापरू नये; तिच्यातील सिलिकाची बारीक धूळ श्वासातून गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार होऊ शकतो, म्हणून गार्नेट या कठीण खनिजाचे कण घ्यावेत आणि धूळ बसल्यावरच, मास्क लावून, पेटी उघडावी.